दक्षिण कोरिया आणि अमेरिका: जनमताचा आकडा नेमका कशाचा?

आडवा_छेद

दक्षिण कोरियातल्या लोकांना अमेरिकेबद्दल काय वाटतं यावर एकाच आठवड्यात दोन लेख वाचले. पहिला म्हणतो, ४ सप्टेंबर २०२५ ला जॉर्जिया राज्यातल्या ह्युंदाई-एलजीच्या बॅटरी कारखान्यावर धाड पडली, ३०० हून जास्त कोरियन कामगारांना साखळदंड घालून नेलं, आणि कोरियन माणसाचं अमेरिकेवरून मन उडालं. दुसरा म्हणतो, काही बदललेलं नाही, अमेरिकी फौज हवीच असं म्हणणारे आजही भरपूर आहेत.

म्हणून प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या सर्वेक्षणांतले 'अमेरिकेबद्दल चांगलं मत' असणाऱ्यांचे टक्के शोधून काढले.

२००२: ५२
२००३: ४६
२००८: ७०
२०१५: ८४
२०१७: ७५
२०२०: ५९
२०२२: ८९
२०२५: ६१

हा आलेख आहे की सह्याद्रीची रांग? माझं मत असं: कोरियन जनमत मुळात अमेरिकाविरोधी आहे, उत्तर कोरियाच्या धाकाने दबून राहतं आणि फट मिळाली की वर येतं. २०२५ चे ६१ म्हणजे त्या धाडीचा परिणाम. चुकत असेन तर खोडून काढा, पण आकड्यांनी.

रुमालवाला

रुमाल टाकून ठेवतो. चहा घेऊन येतो.

नमुना_हजार

धाडीचा मुद्दा आधी निकालात काढू. प्यूचं २०२५ चं काम वर्षाच्या सुरुवातीपासून एप्रिलपर्यंत चाललं आणि आकडे जूनमध्ये छापून आले. धाड सप्टेंबरमधली. म्हणजे त्या ६१ मध्ये बेड्यांचा एकही टक्का नाही. सर्वेक्षण वाचताना टक्क्याच्याही आधी बघायचं ते हेच: फोन कोणत्या तारखांना लावले.

दुसरं, 'चांगलं मत' म्हणजे काय? पर्याय चार असतात: खूप चांगलं, बऱ्यापैकी चांगलं, बऱ्यापैकी वाईट, खूप वाईट. पहिल्या दोघांची बेरीज छापतात. कोरियात बहुतांश लोक मधल्या दोन खणांत बसतात. एखादा 'बऱ्यापैकी चांगलं'वरून 'बऱ्यापैकी वाईट'वर सरकला तर एकाच पायरीने खाली आला, पण छापील आकड्यात तो थेट पलटलेला दिसतो. तुमच्या सह्याद्रीतल्या निम्म्या दऱ्या या एका पायरीच्या आहेत. 'खूप वाईट'चा खण वेगळा काढून बघा, तो इतका हलत नाही.

तिसरं, चूक किती धरायची? ढोबळ सूत्र: ९८ भागिले नमुन्याचं वर्गमूळ. हजार माणसं असतील तर ९८ ÷ ३१.६, म्हणजे ३.१ टक्के इकडेतिकडे. दोन वर्षांतला फरक काढताना चूक दोन्हीकडून येते, म्हणून त्याला १.४ ने गुणायचं, साधारण ४.४. वय, प्रांत यांचं वजन लावलं की ती अजून थोडी फुगते. तेव्हा ५२ वरून ४६ ही घसरण जेमतेम खरी म्हणावी अशी. २०१९ चे ७७ आणि २०२० चे ५९ यांतला फरक मात्र शंभर टक्के खरा.

आणि वीस-पंचविशीतल्या तरुणांचं मत म्हणून जे छापतात, त्यात माणसं असतात दीडशेच्या आसपास. ९८ ÷ १२.२ = ८. म्हणजे '५५ टक्के तरुण' याचा अर्थ ४७ ते ६३ मधलं काहीही.

दगडफूल

@नमुना_हजार, दंडवत. वर्गमूळ दहावीनंतर आज भेटलं.

टोकदार_पेन्सिल

आडवा_छेद, तुमच्या यादीशेजारी दुसरी एक यादी ठेवा. प्यू त्याच माणसाला अजून एक प्रश्न विचारतं: अमेरिकेचे अध्यक्ष जगाच्या बाबतीत योग्य ते करतील असा विश्वास वाटतो का? कोरियाची उत्तरं:

२००८ (बुश): ३०
२००९ (ओबामा): ८१
२०१५ (ओबामा): ८८
२०१७ (ट्रम्प): १७
२०१८ (ट्रम्प): ४४
२०२० (ट्रम्प): १७
२०२१ (बायडन): ६७

२०१७ ची जोडी बघा. अध्यक्षावर विश्वास १७, देशाबद्दल चांगलं मत ७५. दोन्ही उत्तरं एकाच फोनवर, एकाच माणसाने दिलेली. 'मुळात अमेरिकाविरोधी' माणूस अशी उत्तरं कशाला देईल? २०१८ मध्ये विश्वास ४४ वर गेला त्याचं कारण सरळ आहे. जूनमध्ये सिंगापूरला ट्रम्प-किम भेट झाली आणि मागच्या वर्षीची युद्धाची भाषा थांबली. सोलपासून सीमा पन्नासेक किलोमीटरवर. युद्ध लांबलं की तिथे मत सुधारतं, मग ते कोणीही लांबवलेलं असो.

म्हणजे देश, त्याचा अध्यक्ष, त्याची फौज आणि त्याच्याशी झालेला एखादा विशिष्ट करार, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. बातमीत चौघांची खिचडी करून 'कोरियन जनता' या नावाने वाढतात.

पाटाचं_पाणी

अर्धंच पटलं. सगळं अध्यक्षांवर ढकललं की बरं वाटतं, पण २००२ साली रस्त्यावर आलेली माणसं बुश यांच्या चेहऱ्यासाठी आलेली नव्हती. तो प्रसंग नीट मांडायला हवा.

१३ जून २००२, सोलच्या उत्तरेला यांगजू. अरुंद दुपदरी रस्ता, पायवाट नाही. पूल वाहून नेणारं अमेरिकी चिलखती वाहन सरावासाठी निघालेलं, त्याची रुंदी रस्त्याच्या एका पदरापेक्षा जास्त. समोरून दुसरी लष्करी वाहनं येत होती. कडेने चालणाऱ्या १४ वर्षांच्या दोन मुली त्याखाली सापडल्या.

त्याच दिवशी देशात स्थानिक निवडणुकांचं मतदान होतं आणि वर्ल्डकप ऐन भरात. त्यामुळे जूनमध्ये ही बातमी आतल्या पानावर राहिली. संताप साचत गेला तो कायद्यामुळे. सैनिक कामावर होते, म्हणून खटला चालवायचा पहिला हक्क अमेरिकेचा. कोरियाच्या न्यायखात्याने तो हक्क सोडा अशी विनंती केली, अशी पहिलीच वेळ होती. ऑगस्टमध्ये अमेरिकेने नकार दिला. नोव्हेंबरमध्ये तळावरच्या लष्करी न्यायालयाने आधी एकाला, दोन दिवसांनी दुसऱ्याला निर्दोष सोडलं. मग ३० नोव्हेंबरला ग्वांगह्वामुन चौकात मेणबत्त्या पेटल्या आणि १९ डिसेंबरला रो मू-ह्युन अध्यक्ष म्हणून निवडून आले.

प्यूचं २००२ चं काम त्या निकालांच्या आधी उरकलेलं होतं. म्हणजे तुमचे ५२ मेणबत्त्यांच्या आधीचे आणि ४६ नंतरचे. पण मध्ये मार्च २००३ मध्ये इराकचं युद्धही सुरू झालं. सहा टक्क्यांतले किती यांगजूचे आणि किती बगदादचे, हे त्या आकड्यातून वेगळं काढता येत नाही.

चांदणचुरा

त्यात बर्फाचीही भर घाला. फेब्रुवारी २००२, सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिक, शॉर्ट ट्रॅक स्केटिंग १५०० मीटर. कोरियाचा किम डाँग-साँग पहिला आला, पंचांनी त्याला बाद केलं आणि सुवर्ण गेलं अमेरिकेच्या ओनोला. जूनमध्ये वर्ल्डकपात कोरिया-अमेरिका सामना १-१ सुटला, त्यात गोल केल्यावर आन जंग-ह्वानने स्केटिंगची नक्कल करून दाखवली. अख्ख्या देशाला ती न सांगता कळली.

रुमालवाला

म्हणजे आपला सिडनीचा मंकीगेट.

चांदणचुरा

@रुमालवाला, बरोब्बर. फक्त तिथे पंचांच्या देशाची फौज राजधानीच्या मधोमध राहत होती.

सातारी_कंदील

@चांदणचुरा, पंच ऑस्ट्रेलियन होता तेव्हा, अमेरिकी नव्हता! :)
पण फौज राजधानीच्या मधोमध हे खरं. योंगसानचा तळ म्हणजे सोलच्या ऐन मध्यात भिंत घालून ठेवलेलं वेगळं गाव. २००० साली तिथल्या शवागारातलं फॉर्मल्डिहाइड गटारात ओतलं गेलं आणि गटार जातं हान नदीला. तेव्हा किती ओरड झाली होती.

चांदणचुरा

पंचांबद्दल कबूल. बर्फावर घसरले.

खलाशी

पाटाचं_पाणी यांनी कायद्याचा उल्लेख केला, पण कलम उलगडलं नाही. खरी गोम त्यातच आहे.

फौजेच्या दर्जाचा करार, तिथे सगळे त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'सोफा'च म्हणतात, १९६६ मध्ये सही, नंतर १९९१ आणि २००१ मध्ये दुरुस्त्या. कलम २२ गुन्ह्यांबद्दल. सैनिकाने सुट्टीच्या वेळी बाहेर गुन्हा केला तर पहिला हक्क कोरियाचा. कामावर असताना काही घडलं तर अमेरिकेचा. आणि 'कामावर होता' हे ठरवतं कोण? अमेरिकी अधिकाऱ्याने दिलेलं प्रमाणपत्र. कोरियाचा सरकारी वकील हरकत घेऊ शकतो, चर्चा मागू शकतो, पण सुरुवात त्या कागदापासून होते.

२००१ च्या दुरुस्तीत खून, बलात्कार अशा १२ प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांत आरोपपत्राच्या वेळीच आरोपी ताब्यात मिळेल अशी सोय झाली. आधी शिक्षा होईपर्यंत वाट बघायची. पण यांगजूला या दुरुस्तीचा काडीचाही उपयोग नव्हता, कारण ते 'काम' होतं. म्हणून तेव्हाच्या फलकांवर 'सोफा बदला' जितकं दिसायचं, तितकं 'अमेरिकी फौज चालती व्हा' नाही. पहिली मागणी म्हणजे घरमालकाने भाडेकराराचं कलम बदलायला सांगणं. दुसरी म्हणजे भाडेकरूला बाहेर काढणं. बाहेरचे वार्ताहर दोन्ही एकाच गठ्ठ्यात बांधतात.

दगडफूल

सोफ्यावर बसून सोफ्याबद्दल वाचतोय.

आडवा_छेद

धाडीबद्दल माझी तारीख चुकली, मान्य. पण मग २००८ चं काय? गोमांसावरून सोलमध्ये दोन महिने रस्ते अडले होते आणि त्याच वर्षी प्यूचे ७०? हे कसं बसवायचं?

नमुना_हजार

पुन्हा तारीखच, आडवा_छेद. प्यूचं काम निदर्शनांच्या आधी, वसंतात झालेलं.

निदर्शनांचा क्रम असा. डिसेंबर २००३ मध्ये अमेरिकेत मॅड काऊ रोग झालेली गाय सापडली, कोरियाने तिथल्या गोमांसाची आयात बंद केली. १८ एप्रिल २००८ ला ली म्युंग-बाक सरकारने जवळपास सगळं खुलं करणारा करार केला. दुसऱ्या दिवशी कॅम्प डेव्हिडला बुश यांच्याशी भेट. 'भेटीची किंमत म्हणून दिलं' हा संशय तिथेच पक्का झाला. २९ एप्रिलला टीव्हीवर रोगाबद्दलचा कार्यक्रम लागला, २ मेपासून मेणबत्त्या. ठिणगी पहिल्यांदा टाकली ती शाळकरी मुलींनी, कारण शाळेच्या जेवणात काय पडणार हा प्रश्न त्यांच्या ताटाचा होता. १० जूनला पोलिसांनी चौकात जहाजाचे कंटेनर रचून भिंत उभारली, लोकांनी तिचं नाव ठेवलं 'म्युंगबाक किल्ला'. शेवटी ३० महिन्यांपेक्षा मोठ्या जनावराचं मांस येणार नाही अशी तडजोड झाली.

आणि २००९ चा आकडा? ७८. म्हणजे वाढला. राग होता तो ली यांच्यावर, न विचारता सही केली म्हणून. आज अमेरिकी गोमांसाच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांत कोरिया आहे.

पाटाचं_पाणी

'राग ली यांच्यावर' हे निम्मं. निम्मा राग 'मोठ्या दोस्तापुढे आपला माणूस वाकला' याचा होता. मित्रावरचा राग आपल्याच सरकारवर निघतो, म्हणून तो 'मित्राबद्दल मत' या रकान्यात उतरत नाही. या प्रकारच्या सर्वेक्षणांचा हा आंधळा कोपरा आहे, आणि वर्गमूळ काढून तो भरत नाही.

नमुना_हजार

मुद्दा मान्य. त्यासाठी सरळ करारावरच प्रश्न लागतो. त्याचा उत्तम नमुना आहे. २०१९ मध्ये अमेरिकेने फौजेच्या खर्चापोटी वर्षाला सुमारे ५०० कोटी डॉलर मागितल्याच्या बातम्या आल्या. तेव्हा कोरिया देत होता १ लाख ३ हजार ८९० कोटी वोन, म्हणजे ९० कोटी डॉलरच्या जरा वर. डिसेंबर २०१९ मध्ये शिकागो कौन्सिल या अमेरिकी अभ्याससंस्थेने कोरियन लोकांना विचारलं. अमेरिकेशी असलेल्या लष्करी युतीला पाठिंबा ९२ टक्के. आणि त्या मागणीचं काय करावं? २६ टक्के म्हणाले देऊच नका, ६८ टक्के म्हणाले घासाघीस करून कमी करा. जी माणसं युतीच्या बाजूने तीच बिलाच्या विरोधात. यात विसंगती कसली? भाजीवाल्याशी वर्षानुवर्षं घासाघीस करणारी बाई त्याच्याचकडून भाजी घेते.

खलाशी

ते पैसे जातात कुठे हेही सांगून टाकतो, कारण 'भाडोत्री सैनिकांचा पगार' असा गैरसमज आपल्याकडच्या चॅनेलांवर सर्रास असतो. खर्चवाटपाचा करार १९९१ पासूनचा. खाती तीन: तळांवर काम करणाऱ्या कोरियन नोकरांचे पगार, तळाची बांधकामं, आणि दुरुस्ती-साठवण-वाहतूक असली रसद. अमेरिकी सैनिकाचा पगार यात नाही. बांधकाम आणि रसदीचा बराच भाग कोरियन कंपन्यांनाच मिळतो.

करार रखडला की पहिला फटका कोणाला? १ एप्रिल २०२० ला सुमारे ४ हजार कोरियन कर्मचारी बिनपगारी घरी बसवले गेले, एकूण जेमतेम ९ हजारांपैकी. तळाच्या दारात फलक घेऊन उभी राहिलेली ती माणसं 'अमेरिकाविरोधी' होती का? त्यांना तळावरची नोकरी परत हवी होती.

२०२१ मध्ये रक्कम एकदम १३.९ टक्क्यांनी वाढवली. २०२६ साठी ठरली १ लाख ५१ हजार ९२० कोटी वोन.

झुंजुरका

वाचतेय. एक विचारायचं आहे. वयाप्रमाणे फरक कसा पडतो? आपल्याकडे अशी समजूत असते की म्हातारे जुन्या मताचे आणि तरुण बंडखोर.

टोकदार_पेन्सिल

@झुंजुरका, कोरियात हा आलेख सरळ रेघेचा नाही, वाटीचा आहे. दोन कडा वर, मध्ये खळगा.

साठी-सत्तरीच्या वरचे: युद्धाची आठवण किंवा युद्धानंतरची उपासमार. यांच्यासाठी अमेरिका म्हणजे तारणहार. सोलमधल्या उजव्या मोर्चांत कोरियन झेंड्याशेजारी अमेरिकी झेंडा दिसतो तो यांच्या हातात.

खळगा म्हणजे आता पन्नाशीत असलेले. १९६० च्या दशकात जन्म, १९८० च्या दशकात कॉलेज, नव्वदीत तिशीत, म्हणून नाव पडलं '३८६ पिढी'. यांचं अमेरिकेबद्दलचं मत घडलं मे १९८० च्या ग्वांगजूत. लष्करशहा चुन डू-ह्वानच्या सैन्याने शहर चिरडलं. त्या काळात कोरियन सैन्याची मोठी तुकडी अमेरिकी सेनापतीच्या हुकमतीखाली असायची. २० वी डिव्हिजन तिकडे हलवायला अमेरिकेने ना म्हटलं नाही, मग हात कोणाचे रंगले, हा प्रश्न. अमेरिकेचं म्हणणं, छत्रीसैनिकांवर आमची हुकमत नव्हतीच. १९८९ मध्ये तसं लेखी निवेदनही दिलं. पण १९८१ च्या सुरुवातीलाच रेगन यांनी चुनना व्हाइट हाऊसला बोलावून घेतलं होतं, त्यापुढे निवेदन कोण वाचतो? मार्च १९८२ मध्ये बुसानचं अमेरिकी सांस्कृतिक केंद्र जाळलं गेलं ते यातूनच.

आणि वीस-तिशीतले: ग्वांगजू त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तकातलं प्रकरण. त्यांचा राग चीनवर.

सातारी_कंदील

चीन आला म्हणजे थाड आलंच.

जुलै २०१६ मध्ये ही अमेरिकी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा सोंगजू तालुक्यात बसवायचं जाहीर झालं. सोंगजूची ख्याती 'चामे' या पिवळ्या खरबुजासाठी, देशातलं बहुतांश पीक तिथलं. रडारच्या लहरींनी पीक नासेल, माणसं आजारी पडतील ही भीती. पंतप्रधान समजवायला गेले, त्यांच्यावर अंडी आणि पाण्याच्या बाटल्या बसल्या. १५ ऑगस्टला ९०० च्या वर गावकऱ्यांनी सामुदायिक मुंडण केलं. गंमत म्हणजे हा भाग पिढ्यान्पिढ्या पुराणमतवादी पक्षाला मत देणारा, अमेरिकेचा कट्टर चाहता. यंत्रणा देशाला हवी, पण आमच्या बांधावर नको.

जागा बदलून लोट्टे कंपनीचं गोल्फ मैदान घेतलं. मग यंत्रणेच्या रागाने चीनने लोट्टेच्या तिथल्या दुकानांना टाळं लावायला सुरुवात केली, मार्च २०१७ पासून पर्यटकांच्या सहली बंद. प्यूमध्ये चीनबद्दल चांगलं मत असणारे कोरियन २०१५ मध्ये ६१ टक्के, २०१७ मध्ये ३४. अमेरिकेचा २०२२ चा ८९ चा उच्चांक यासोबत वाचा. तो बराचसा चीनने मिळवून दिलेला आहे.

रुमालवाला

शेजाऱ्याने कचरा टाकला की लांबचा काका देवमाणूस वाटतो.

दगडफूल

काका दर वर्षी बिल पाठवतो तरी?

रुमालवाला

बिल बघून तर काका आठवतो.

कोकणकडा_९६

जपानशी तुलना करून बघा. देशाचा सरासरी आकडा किती फसवा असतो ते ओकिनावात दिसतं. जपानच्या जमिनीच्या ०.६ टक्के बेट, पण फक्त अमेरिकी फौजेच्या वापरात असलेल्या तळांच्या क्षेत्रफळापैकी ७० टक्के तिथे. हेनोकोला समुद्रात भराव घालून नवी धावपट्टी करायची की नाही यावर २४ फेब्रुवारी २०१९ ला बेटावर सार्वमत झालं. ७२ टक्के 'नको', मतदान ५२ टक्के. ते सरकारवर बंधनकारक नव्हतं, काम सुरू राहिलं. टोकियोतून देशभरात हजार लोकांना फोन लावला तर त्यात ओकिनावाचे येतात जेमतेम अकरा-बारा. त्यांनी एकमुखाने 'नको' म्हटलं तरी देशाचा आकडा एका टक्क्याने हलेल.

खलाशी

@कोकणकडा_९६, कोरियातही तेच, पण उलटसुलट. सोलचा योंगसान आणि उत्तरेकडचे तळ आवरून फौज दक्षिणेला प्यॉंगटेकच्या कॅम्प हम्फ्रीजमध्ये नेली. अमेरिकेचा परदेशातला सर्वांत मोठा तळ, खर्च सुमारे १,०८० कोटी डॉलर, त्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास कोरियाचा. त्यासाठी २००६ मध्ये देचुरी गाव पोलीसबळाने उठवलं. तिथले शेतकरी तळाच्या विरोधात. आणि उत्तरेकडच्या डाँगदुचन शहरात दुकानदार का वैतागले? फौज चालली म्हणून! गिऱ्हाईक गेलं, आणि तळाची जमीनही वेळेत परत मिळाली नाही. 'फौज हवी की नको' या एका प्रश्नात ही दोन्ही गावं कशी बसवणार?

झुंजुरका

अण्वस्त्रांबद्दलही वाचलं होतं, ७० टक्क्यांहून जास्त कोरियन म्हणतात स्वतःचा बॉम्ब हवा. हा अमेरिकेवरचा अविश्वास नाही का?

टोकदार_पेन्सिल

फेब्रुवारी २०२२ च्या शिकागो कौन्सिलच्या अहवालात ७१ टक्के, बरोबर. पण प्रश्न कसा विचारलाय ते बघायचं. 'बॉम्ब असावा का' याला हो म्हणायला फुकट. त्याच प्रश्नाला 'आर्थिक निर्बंध आले तरी, अमेरिकी फौज गेली तरी' अशी शेपटी लावली की काही सर्वेक्षणांत पाठिंबा घसरतो. फोनवरच्या प्रश्नात किंमत लिहिली नसेल तर ते मत नाही, इच्छा आहे.

नमुना_हजार

प्रश्न विचारतं कोण हेही. कोरियात दोन पद्धती चालतात. एकीत माणूस बोलतो, दुसरीत यंत्राचा आवाज 'हो असेल तर एक दाबा'. गॅलप कोरिया दर शुक्रवारी छापतं ते पहिल्या पद्धतीचं, हजारेक माणसं, मोबाइल कंपन्यांकडून मिळालेले तात्पुरते आभासी नंबर. यंत्राच्या कॉलवर बहुतेक लोक फोन ठेवून देतात. टिकतात ते राजकारणात बुडालेले. त्यामुळे यंत्राच्या सर्वेक्षणात दोन्ही टोकं फुगतात आणि 'सांगता येत नाही' आकसतं. एका पद्धतीचा मार्चचा आकडा आणि दुसरीचा एप्रिलचा आकडा घेऊन 'महिन्यात जनमत फिरलं' असं लिहिणाऱ्यांची संख्या मात्र अचूक मोजता येईल.

पाटाचं_पाणी

थोडं अवांतर, पण अगदीच नाही. आपल्याकडचा 'भरवशाचा मित्र' म्हणजे सोव्हिएत संघ, ९ ऑगस्ट १९७१ चा करार. ते प्रेम टिकलं त्याचं एक साधं कारण: रशियन सैनिक कधी पुण्याच्या रस्त्यावर रणगाडा चालवत आला नाही. तळ नाही, कलम २२ नाही, अपघात नाही. मित्र लांबून शस्त्रं विकत होता, त्याचेही आपण पैसे देत होतो.

आणि कोरियाशी आपला संबंध नाही असं कोणी म्हणू नये. युद्धात भारताने लढायला फौज दिली नाही, ६० वी पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स दिली, लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली. नंतर युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी जनरल थिमय्या आणि भारतीय तुकडी.

कोकणकडा_९६

आणि आजचा संबंध तळेगाव-रांजणगावचा. ह्युंदाई आणि एलजी, तीच दोन नावं जी जॉर्जियाच्या धाडीत होती. तिथे अडकलेले बरेचसे यंत्रं बसवायला गेलेले तंत्रज्ञ, थोड्या दिवसांच्या व्यापारी व्हिसावर नाहीतर व्हिसामाफीवर. नवा कारखाना उभा करताना मूळ कंपनीची माणसं येतातच, ती रीत जगभर आहे. अमेरिकेच्या व्हिसात तिला नीट खण नाही. लोकांना झोंबलं ते हेच: कारखाना काढा म्हणून बोलावलं कोणी, आणि साखळ्या घातल्या कोणी?

आडवा_छेद

बरं, माझं मूळ विधान मागे घेतो. 'मुळात अमेरिकाविरोधी' हे आकड्यांत दिसत नाही. पण आता उलटा प्रश्न. धाड आणि त्याआधी जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत गुंतवायचे म्हणून कोरियाने कबूल केलेले ३५ हजार कोटी डॉलर, या दोन्हींनंतर काय बघायचं? कोरियाची सगळी परकीय गंगाजळी सुमारे ४२ हजार कोटींची. म्हणजे तिजोरीचा पाच-षष्ठांश मित्राच्या आवारात लावायचा.

टोकदार_पेन्सिल

ऑक्टोबरअखेरीस ट्रम्प कोरियात ग्योंगजूला आले तेव्हा ते सैल झालं. रोख २० हजार कोटी, तेही वर्षाला २ हजार कोटींच्या वर नाही, आणि १५ हजार कोटी जहाजबांधणीत. बदल्यात मोटारींवरचं आयातशुल्क २५ वरून १५ टक्के. त्याच भेटीत ट्रम्पना शिला या प्राचीन कोरियन राज्याच्या काळातल्या सुवर्णमुकुटाची प्रतिकृती भेट दिली. त्यावर कोरियन नेटकऱ्यांनी काय विनोद केले असतील ते इथे सांगायला नको.

बघायचं काय, तर चार रकाने वेगळे ठेवा. 'देशाबद्दल मत' पडलं आणि 'फौज असावी' टिकलं, तर तो राग आहे, निवळतो. २००३ नंतर निवळला तसा. 'फौज असावी' हाच रकाना ओळीने दोन-तीन सर्वेक्षणांत, एकाच संस्थेच्या, एकाच प्रश्नावर, साडेचारपेक्षा जास्त टक्क्यांनी खाली आला तर मात्र नवा धागा काढा.

पाटाचं_पाणी

आणि पाचवा रकाना: मित्रापुढे वाकल्याबद्दल स्वतःच्या सरकारवर किती राग. तो कोणी मोजत नाही, पण कोरियात सरकारं त्यानेच हादरलीत.

नमुना_हजार

पाचवा रकाना मोजता येतो. 'सरकारने हा करार चांगला हाताळला का' असा प्रश्न तिथले सर्वेक्षणवाले विचारतात. फक्त उत्तर पक्षाप्रमाणे येतं, सत्ताधाऱ्यांचे मतदार हो, विरोधकांचे नाही. म्हणून त्यात कोणत्याच पक्षाचे नसलेले वेगळे काढून बघायचे. ते असतात अडीचशे-तीनशे. चूक सहा टक्के धरा.

झुंजुरका

ते 'चामे' म्हणजे आपलं चिबूड का हो?

सातारी_कंदील

जात तीच, कुकुमिस मेलो. पण चिबूड पिकला की फुटतो आणि पिठूळ लागतो, गूळ घालून खायचा. चामे हातभर नाही, मुठीएवढं, पिवळं, वर पांढरे पट्टे, काकडीसारखं कुरकुरीत. सालही पातळ असते, पुष्कळ जण सालासकट खातात.

कोकणकडा_९६

चिबडाला पिठूळ म्हणणाऱ्याने कोकणात येऊन दाखवावं. इथे पाचवा रकाना लगेच भरून मिळेल.